‘मी पण उदगीरचाच’

नोकरीच्या नावाखाली एकूण ४८,६५० रुपये गेले. आधी २,३५०, मग १४,८००, मग ३१,५००. शेवटचा आकडा अण्णांच्या सोयाबीनचा आहे. तो लिहिताना अजून हात थांबतो.

मी औसा तालुक्यातला. लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि सहा वर्षं झाली, वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला आहे. बजाजनगरात एका खोलीत तिघं राहतो. पगार वाढायचा तर पुणं-चाकण गाठावं लागतं, तिथं ओळख लागते, आणि आपल्या घरात ओळख आडत्याची नि बँकेच्या शिपायाची. म्हणून २०२४ च्या जूनपासून लिंक्डइन मनावर घेतलं. रोज दहा रिक्वेस्ट पाठवायच्या, आलेली प्रत्येक स्वीकारायची. तिथं पाचशेच्या पुढं नेमका आकडा दिसत नाही, नुसतं ‘५००+’ येतं. ते आलं त्या दिवशी रूममेट्सना चहा पाजला मी. हसा.

सप्टेंबरात एक पोस्ट टाकली, आमच्या सीएनसी मशीनच्या लाइनवर बोअर, म्हणजे पार्टातलं भोक, मापात न आल्यानं बाद होणारे पार्ट कसे कमी केले त्याची. त्यावर एका माणसाची लांबलचक कमेंट आली. पुण्याच्या एका नावाजलेल्या कंपनीत एचआर, बारा वर्षांचा अनुभव, चौतीस म्युच्युअल, म्हणजे त्याच्या नि माझ्या दोघांच्या यादीतले लोक, आणि त्यात आमच्या पॉलिटेक्निकचे सर. वाटलं, ह्या माणसाला काम कळतं. आता ती कमेंट परत वाचली तर माझीच वाक्यं फिरवून लिहिलेली दिसतात.

मग मेसेज आला. ‘तुम्ही लातूरकडचे का? मी पण उदगीरचाच.’ मी विचारलं, उदगीरला कुठं? म्हणाला, किल्ल्याजवळ. उदगीरला किल्ला आहे हे गूगललाही माहीत आहे, पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की पुण्यात आपला एक माणूस निघाला.

पुढचे दोन महिने त्यानं एक रुपया मागितला नाही. बायोडाटा तपासून दिला, आणि खरंच चांगला करून दिला. ‘आपली मराठवाड्याची पोरं कामाला वाघ, पण सांगायला लाजतात’ असलं काहीबाही लिहायचा, ते मला लै भिडायचं. दसऱ्याच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, आईची तब्येत. कॉलवर मात्र हिंदीच बोलायचा. ऑफिसात मराठी चालत नाही म्हणे. रात्री साडेनऊला कसलं ऑफिस, हे मी विचारलं नाही. लोक म्हणतात, पैसे मागितले की ओळखायचं. पैसे मागेपर्यंत तो परका राहिलेला असेल तर ओळखाल ना.

दिवाळीनंतर मुलाखत झाली. दोघं जण, दोघांचे कॅमेरे बंद, पण प्रश्न बरोबर: कंट्रोल प्लॅन, गेजचं कॅलिब्रेशन, कस्टमर कंप्लेंट. तिसऱ्या दिवशी ऑफर लेटर. पगार माझ्या दुप्पट नव्हता, नाहीतर शंका आली असती; दीडपट होता. मेल आला त्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढं आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ असा शब्द होता. मला ते उलट जास्त अधिकृत वाटलं.

२,३५० कागदपत्रं तपासणीचे. १४,८०० लॅपटॉपचं डिपॉझिट, जॉइन झाल्यावर परत. यूपीआयचा पिन टाकायच्या आधी समोर कुण्या ट्रेडर्सचं नाव आलं, कंपनीचं नाही. विचारलं तर ‘आमचे व्हेंडर आहेत’. मग ३१,५०० ट्रेनिंग बाँडचे, सोमवारपर्यंत, नाहीतर जागा दुसऱ्याला. अण्णांनी विधानसभेच्या निवडणुकीनंतर भाव चढेल म्हणून सोयाबीन घरात ठेवलं होतं. हमीभाव ४,८९२ होता. त्यांनी आठ क्विंटल आडतीवर ४,१०० नं घातलं, हमाली-तोलाई कापून आलेले पैसे मला पाठवले आणि फोनवर एवढंच म्हणाले, ‘जागा जाऊ देऊ नको.’

चौथ्यांदा मेडिकलचे ९,००० मागितले तेव्हा कुठं डोकं चाललं. कंपनीच्या खऱ्या वेबसाइटवरचा लँडलाइन नंबर लावला. पलीकडच्या बाई माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाल्या, ‘दादा, पैसे भरलेत का?’ या महिन्यातला मी चौथा होतो.

मग जे आधी बघायचं ते बघितलं. प्रोफाइलवर तीन टिंबांमागं ‘अबाउट धिस प्रोफाइल’ असतं, त्यात खातं कधी उघडलं ते दिसतं. बारा वर्षं अनुभवाच्या माणसाचं खातं पाच महिन्यांचं होतं. मेलचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव, कधी नोंदवलं ते ‘हू इज’ साइटवर फुकट कळतं. माझ्या ऑफर लेटरच्या एकोणीस दिवस आधी नोंदवलेलं.

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. पहिल्याच विचारण्यात त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर मागितला, तो हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत बँकेला थांबवता आला तरच उपयोग. माझे शेवटचे पैसे जाऊन पाच दिवस झाले होते. ५,२०० रुपये एका खात्यात अडकले, ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा. पोलीस ठाण्यात अर्धे लोक मतदानाच्या बंदोबस्ताला गेलेले. जे होते ते नीट बोलले. फसवणुकीची कलमं, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आणि आयटी अ‍ॅक्टचं ६६ड, लावलीत. चॅट मात्र मी रागात डिलीट केलं होतं, ते करू नका.

पैशापेक्षा मला त्या चौतीस जणांनी जास्त छळलं. एकेकाला विचारत गेलो, ह्याला तुम्ही कसे ओळखता? एकानंही त्याला बघितलं नव्हतं. सरांना फोन केला. सर म्हणाले, ‘अरे, जुने विद्यार्थी असतील म्हणून मी कुणालाच नाही म्हणत नाही.’ मी सरांचं नाव बघून हो म्हटलं. आणि निलंग्याच्या एका ज्युनिअरनं माझं नाव बघून. शिवाय त्या एचआरवाल्याशी त्याची ओळख मीच करून दिली होती, ‘सर, आपलाच पोरगा आहे, बघा’ म्हणून. त्याचे २,३५० गेले. पुढचे जायच्या आत माझा फोन लागला, एवढंच बरं.

त्याचे पैसे मी पाठवले, त्यानं परत केले, मी पुन्हा पाठवले. मग महिनाभर काही बोलणं नाही. परवा त्याचाच फोन आला. वाळूजच्याच एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलंय, मेलवर. ‘दादा, मुलाखतीच्या आधी नुसतं गेटवर जाऊन वॉचमनला विचारू का, असली काही भरती आहे का म्हणून?’

म्हटलं, या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे माझी. सकाळच्या एसटीनं ये, वाळूजजवळच्या पंढरपूरच्या चौकात थांब. दोघं जाऊ.