ब्रँडची बादली, आत जाडं मीठ: रीफ सॉल्टच्या नावाखाली गेलेले ₹19,540

आधी आकडे. रीफ सॉल्टच्या, म्हणजे घरातल्या प्रवाळांच्या टाकीसाठी समुद्रासारखं पाणी करायच्या मिठाच्या, 22 किलोच्या दोन बादल्या, प्रत्येकी ₹5,400, म्हणजे ₹10,800. टेम्पोचे ₹350. नंतर धावपळ करून आणलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) मोजायचे किट ₹2,650. पाणी सावरायला लागलेली रसायनं ₹1,240. गेलेले जीव ₹4,500. एकूण ₹19,540. खरं मीठ पुन्हा विकत घ्यावं लागलं त्याचे ₹7,800 यात धरलेले नाहीत, कारण ते कधी ना कधी लागलंच असतं.

बादली नामांकित परदेशी कंपनीची होती. आतलं मीठ त्या कंपनीचं नव्हतं. चाचण्यांवरून दिसतं ते एवढंच, की जाडं मीठ दळलेलं, त्यात नावाला थोडं एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि कॅल्शियम क्लोराइड.

गळ कसा टाकतात ते या छंदातल्या प्रत्येकाला माहीत आहे. व्हॉट्सॲप ग्रुप, "टाकी बंद करतोय, दोन सीलबंद बादल्या पडून आहेत", सोबत स्वच्छ फोटो. दुकानात ₹7,800 ला मिळणारी वस्तू ₹5,400 ला. हा फरक संशय यावा इतका मोठा नाही आणि हात पुढे व्हावा इतका नक्की आहे, आणि किंमत तशीच ठरवलेली असते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत मीठ सांभाळणं कठीण, म्हणून लोक खरोखरच स्वस्तात काढतात, त्यामुळे तेही पटलं. पैसे यूपीआयने गेले. समोर नाव उमटलं ते ग्रुपमधल्या माणसाचं नव्हतं. "भावाचं खातं आहे." तिथेच थांबायला हवं होतं.

फोटोतल्या बादलीवर आयातदाराचं लेबल होतं, घरी आलेल्या बादल्यांवर नव्हतं. पॅकबंद वस्तूंबाबतच्या 2011 च्या नियमांप्रमाणे आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असलाच पाहिजे. हे स्टिकर नसेल तर बादली टेम्पोतून उतरवूच नका. झाकणाची फाडायची पट्टी शाबूत होती, म्हणून बादली सीलबंद मानली. पण आतल्या पिशवीचं तोंड काळ्या केबल टायने बांधलेलं होतं. त्या कंपनीच्या आधीच्या प्रत्येक बादलीत पिशवीचं तोंड कारखान्यातच बंद झालेलं असायचं. झाकण बदलता येतं. पिशवी बघा.

आता तो क्षण, ज्याचा राग अजून जात नाही.

300 लिटरची टाकी, दर रविवारी 60 लिटर पाणी बदल. पिंपात 60 लिटर आरओ-डीआय (सगळे क्षार काढलेलं) पाणी, टीडीएस 0, आत पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), त्यात हळूहळू 2.3 किलो मीठ. चांगलं रीफ सॉल्ट पाण्यात पडलं की पाणी बहुतेकदा आधी दुधाळ होतं आणि मग निवळतं. हे पाणी लगेच स्वच्छ झालं. खरं मीठ सहसा असं विरघळत नाही, आणि ते डोळ्यांसमोर घडलं. तळाला करड्या गाळाचा पातळ थर बसला. मिठागरातल्या मिठाला असा गाळ असतो, मुंबईकराला हे सांगायला नको. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) समुद्राइतकंच 35 आलं, आणि त्या 35 ने बाकी सगळ्या शंका मिटवल्या.

चूक झाली ती इथे. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवतो, काय विरघळलंय ते नाही. घरी कॅलिब्रेशनचं द्रावण करताना आपणच 963.5 ग्रॅम पाण्यात 36.5 ग्रॅम साधं मीठ घालतो आणि रिफ्रॅक्टोमीटर 35 वर लावतो. म्हणजे नुसतं मीठसुद्धा 35 दाखवतं, हे हाताखालचं ज्ञान होतं. तरी त्या आकड्यावर विश्वास ठेवला.

आणि केएच? चाचणी केली होती. न केल्याचा आरोप कुणी करू नये. तिसऱ्याच थेंबाला निळा रंग पिवळा झाला. एका थेंबाला एक डीकेएच (केएचचं एकक), म्हणजे 3. समुद्राचं पाणी 7 च्या आसपास असतं, रीफ सॉल्ट त्याच्या बरोबरीचं किंवा वरचं, समृद्ध प्रकारात 11-12 सुद्धा. कोणत्याही कंपनीचं रीफ सॉल्ट 3 दाखवत नाही. पण किटची मुदत संपायला दोन महिने राहिले होते, म्हणून दोष किटला दिला. तेच किट टाकीच्या पाण्याला 8 दाखवत होतं. एकच बाटली टाकीला बरोबर आणि पिंपाला चूक असू शकत नाही. ते पाणी तिथेच मोरीत ओतायला हवं होतं.

विक्रेत्याला विचारलं तर उत्तर तयार. "वाहतुकीत बारीक पूड खाली बसते, बादली आडवी घोळवा." अर्धं खरं आहे. दाणे सारख्या आकाराचे नसतात, प्रवासात थर लागतात, आणि जाणकार वापरण्याआधी बादली घोळवतातच. म्हणून पटलं. बादली घोळवली, पुन्हा चाचणी, पुन्हा 3. मग "ही लो केएच बॅच आहे, सॉफ्ट कोरलसाठी." तोपर्यंत दोन रविवार गेले होते. या लोकांना छंदातलं अर्धसत्य नेमकं ठाऊक असतं. तुमच्याइतकंच ज्ञान त्यांच्याकडेही असतं, फक्त ते तुमच्याविरुद्ध वापरलेलं असतं.

नुकसान कसं वाढत गेलं ते गणितानेच बघा. नंतर मोजलं तेव्हा या मिठाच्या पाण्यात कॅल्शियम 180, मॅग्नेशियम 540 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). समुद्रात साधारण 420 आणि 1300. टाकीत आधी कॅल्शियम 425, मॅग्नेशियम 1320. प्रत्येक 20 टक्के बदलानंतर कॅल्शियम 376, मग 337, मग 306. मॅग्नेशियम 1164, 1039, 939. केएच 8 वरून 7 आणि मग 6.2.

केएच पडताना दिसला, आणि दोष डोसिंग पंपाला (टाकीत रसायनं थोडी थोडी सोडणाऱ्या पंपाला) दिला. केएच वाढवणाऱ्या सोडा ॲशचा डोस दुप्पट केला. ही चूक मिठापेक्षा महाग पडली, कारण मॅग्नेशियम पुरेसं असतं तेव्हाच ते कॅल्शियम कार्बोनेटला स्फटिक होण्यापासून अडवतं. मॅग्नेशियम 1000 च्या खाली, वरून जास्तीचा कार्बोनेट, मग चुना बसणारच. रिटर्न पंपाच्या इम्पेलरवर आणि चिलरच्या नळीत पांढरी पुटं धरली, प्रवाह कमी झाला, डोसमधली क्षारता पाण्यात राहण्याऐवजी पंपावर बसत गेली. कोरलाइन शेवाळ कडेपासून पांढरं पडलं. झेनिया (एक मऊ प्रवाळ) वितळली. ₹1,800 चा लेदर कोरल आठवडाभर मिटून राहिला आणि बुडापासून सडला. प्रत्येकी ₹900 च्या तीन झोआ कॉलनी उघडल्याच नाहीत. ताज्या पिंपातल्या पाण्यात फॉस्फेट 0.25 पीपीएम आलं. चांगल्या मिठात ते शून्याच्या जवळ असतं.

कुणी सध्या यातून जात असेल तर आधी डोस थांबवा. मग मॅग्नेशियम, त्यानंतर कॅल्शियम, क्षारता शेवटी. 300 लिटरला 360 पीपीएम मॅग्नेशियम चढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट साधारण 900 ग्रॅम लागतं. ते एकदम नाही, दिवसाला 100 पीपीएमच्या वर जाऊ नका. कॅल्शियम 114 पीपीएम चढवायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट साधारण 125 ग्रॅम. क्षारता दिवसाला 1 डीकेएचहून जास्त हलवू नका. खात्रीचं मीठ हाताशी असेल तर रसायनांपेक्षा लहान-लहान पाणी बदल चांगले, कारण पोटॅशियम आणि स्ट्रॉन्शियमही उणं झालेलं असू शकतं.

आणि ही चाचणी प्रत्येक नव्या बादलीची करा, अगदी दुकानातून बिलासह आणलेल्या बादलीचीही: बादली घोळवून मधल्या थरातलं 38.5 ग्रॅम मीठ घ्या, एक लिटर आरओ पाण्यात घाला (पाण्यात मीठ, मिठावर पाणी कधीच नाही, नाहीतर खरं मीठही गढूळ होऊन चुना धरतं), 25 अंशांना दोन तास फिरवा, मग केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम तिन्ही मोजा आणि डब्यावर छापलेल्या आकड्यांशी ताडून बघा. एकट्या केएचवर जाऊ नका. खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून केएच फसवणं सोपं आहे, पण 1300 मॅग्नेशियमचा खर्च हे लोक करत नाहीत. मॅग्नेशियमचं किट महाग म्हणून बहुतेकांकडे नसतं, आणि त्यावरच हा धंदा चालतो.

तक्रारीचं काय झालं ते ऐका. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, विक्रेता राहतो तिथे जा. तिथे सांगितलं, पैसे जिथून पाठवले तिथे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 स्पष्ट सांगतं की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची. कलमाचा कागद पुढे ठेवला तर उत्तर आलं, "माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली?" भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे. एक वस्तू सांगून दुसरी देणं फसवणूक नसेल तर मग काय आहे? वरून "मीठच आहे ना, घरात वापरा." ते खाण्याचं मीठ नाही, त्यात काय मिसळलंय ते कुणालाच माहीत नाही, आणि गणवेशातला माणूस ते स्वयंपाकात घालायला सांगतो! बँकेचं म्हणणं, व्यवहार तुम्हीच मंजूर केला. एका कार्यालयाने प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, खर्च तक्रारदाराचा. दुसरीकडे बादली पुरावा म्हणून ठेवायला जागा नव्हती. चार खेपा झाल्या, चार वेळा तीच कहाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगितली, आणि हातात एकही क्रमांक नाही.

तोंडी काही सांगू नका. लेखी अर्ज द्या, पोचशिक्का घ्या. ठाण्याने नकार दिला तर तोच अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्याला पोस्टाने पाठवा, कलम 173 मध्ये ती सोय आहे. पैसे गेल्याचं त्याच दिवशी कळलं तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, लगेच फोन. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, पण त्यासाठी विक्रेत्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. म्हणून पैसे पाठवण्याआधी बिल मागा. बिल न देणाऱ्याकडून ₹500 चीही वस्तू घेऊ नका.

बहुतेक लोक तक्रार करतच नाहीत, आणि त्याचं कारण लाज एवढंच नाही. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. ज्यांच्या टाकीत तसं काही आहे ते पोलिसांना घरी बोलावणार नाहीत, हे या टोळ्यांना पक्कं माहीत आहे. आमच्याकडे सॉफ्ट कोरल, तेही बिलाचे, म्हणून हे उघड लिहिता येतंय.

नवं मीठ घेताना समृद्ध प्रकाराच्या मागे धावू नका. सॉफ्ट कोरल आणि मासे एवढंच असेल तर 7 ते 8.5 डीकेएचचं साधं रीफ सॉल्ट पुरतं, आणि टाकीच्या क्षारतेशी ते जुळतं. 11-12 डीकेएचची मिठं मिसळल्यावर काही तासांत वापरायची असतात. पिंपात रात्रभर ठेवली तर तीही चुना धरतात आणि मग खऱ्या मिठावर खोटा संशय येतो. पावसाळ्यात 22 किलोऐवजी लहान पॅक घ्या, उघडल्यावर पिशवीतली हवा काढून घट्ट बांधा.

उरलेलं 37 किलो मीठ बादल्यांसकट तसंच ठेवलंय. झाकणावरचा लॉट क्रमांक एक आणि बादलीच्या बुडाचा दुसरा. याच ग्रुपवर मे महिन्यात एकजण "बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी" रिकाम्या बादल्या ₹200 ला घेत होता, झाकणासकट, लेबल न फाटलेल्या. आमचीही एक त्याच्याकडे गेली. रिकामी बादली भंगारात किंवा कुणालाही देताना लेबल फाडा, लॉट क्रमांक खरवडून काढा आणि झाकणाला ड्रिलने भोक पाडा.