हुराकान ठेवावी की ९११ घ्यावी: मुंबई-पुण्याच्या मालकासाठी तुलना

लॅम्बोर्गिनी हुराकान बाळगणाऱ्या मुंबई-पुण्यातील मालकाला काही वर्षांनी एक प्रश्न हमखास पडतो, तो म्हणजे ही गाडी देऊन पोर्श ९११ घ्यावी का. दोन्ही गाड्या फोक्सवॅगन समूहाच्याच छत्राखालच्या, दोन्ही वेगवान, आणि त्यांतली दुसरी रोज चालवायला सोपी, हे सर्वांनाच मान्य आहे. तरीही हा निर्णय गाड्यांच्या गुणांपेक्षा मालकाच्या पार्किंगमध्ये आणखी कोणती गाडी उभी आहे यावर अधिक अवलंबून असतो, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील तुलना त्याच नजरेतून केली आहे. तुलनेसाठी २०१४ मध्ये आलेली हुराकान एलपी ६१०-४ आणि २०१९ मध्ये आलेली, ९९२ पिढीची साधी ९११ कॅरेरा या दोन गाड्या घेतल्या आहेत, कारण असा व्यवहार करू पाहणाऱ्यांसमोर बहुधा हीच जोडी असते.

आधी इंजिनाचे पाहू. हुराकानचे ५.२ लिटरचे, दहा सिलिंडरचे व्ही-१० इंजिन टर्बोविना, म्हणजे जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राविना, चालते आणि ८,२५० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ६१० अश्वशक्ती देते. त्याचा ५६० न्यूटन-मीटरचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवणारा जोर, ६,५०० आरपीएमला मिळतो. ९११ कॅरेराचे ३ लिटरचे, दोन टर्बो असलेले सहा सिलिंडरचे इंजिन ३८५ अश्वशक्तीवर थांबते, परंतु त्याचा ४५० न्यूटन-मीटर टॉर्क १,९५० आरपीएमपासूनच हाताशी असतो आणि ५,००० पर्यंत टिकतो. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग हुराकान ३.२ सेकंदांत गाठते, तर कॅरेराला ४.२ सेकंद लागतात; कमाल वेग अनुक्रमे ३२५ च्या वर आणि २९३ असा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे, आता तिथे जागोजागी कॅमेरे आहेत, आणि अटल सेतूवरही तीच मर्यादा आहे. त्यामुळे या एका सेकंदाचा फरक आपल्या रस्त्यांवर क्वचितच अनुभवाला येतो. रोज जाणवतो तो टॉर्कमधला फरक. अंधेरीपासून वांद्र्यापर्यंतच्या सरकत्या रांगेत, किंवा बाणेरच्या सिग्नलवर, दोन हजार आरपीएमच्या आसपास गुमान चालणारे इंजिन मिळणे ही मोठी सोय आहे, आणि या कसोटीवर ९११ निःसंशय पुढे आहे.

मात्र एक गोष्ट आकड्यांत मावत नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून गाडी विकू नये. हुराकानचे उत्पादन २०२४ मध्ये संपले. तिची जागा घेणाऱ्या टेमेरारियोमध्ये दोन टर्बोंचे व्ही-८ इंजिन आणि त्याच्या जोडीला विजेच्या मोटारी आहेत. टर्बोविना आठ हजारांपलीकडे चढत जाणारे व्ही-१० इंजिन, आणि त्याचा तो वर वर चढणारा, प्रत्येक हजाराला रंग बदलणारा आवाज, आता कोणत्याही नव्या लॅम्बोर्गिनीत मिळणार नाही. ९११ मात्र पुढची अनेक वर्षे नवी-जुनी मिळत राहील. म्हणजे आज हुराकान दिली तर ती परत मिळवणे दरवर्षी कठीण होत जाईल, तर ९११ घेण्याचा निर्णय दोन वर्षे लांबवल्याने फारसे काही हातचे जात नाही. ज्यांना आवाजाचे वेड आहे, त्यांनी ही असमानता मनात धरूनच पुढचा विचार करावा.

आता रस्त्याकडे वळू, कारण आपल्याकडे या निर्णयाचा खरा निवाडा तिथेच होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असायला हवा. तसा असेल तर बेताच्या वेगात दोन्ही गाड्या त्यावरून अलगद जातात. प्रत्यक्षात गल्लीबोळांत दिसतात ते हातभर रुंदीचे, ताठ उभे गतिरोधक, किंवा रस्त्याचे डांबर वारंवार चढवल्यामुळे सोसायटीच्या फाटकाशी तयार झालेला खड्या चढाचा कठडा. हुराकानमध्ये नाक सुमारे ४ सेंटीमीटर उचलण्याची सोय आहे, आणि ९११ मध्येही पर्याय म्हणून तशीच सोय घेता येते. तेव्हा नुसत्या नाकाच्या उंचीवरून फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन चाकांमधील अंतराने. हुराकानचा व्हीलबेस २,६२० मिलिमीटर आहे आणि ९११ चा २,४५०. नाक उचलून पुढची चाके गतिरोधकावरून उतरली तरी मधला पोटाखालचा भाग घासणे हा हुराकानच्या मालकांचा नित्याचा अनुभव असतो, आणि लहान व्हीलबेसच्या ९११ मध्ये ही भीती बरीच कमी होते.

खड्ड्यांच्या बाबतीत टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे वाचले की पुरेसे कळते. हुराकानच्या पुढच्या टायरवर २४५/३० आणि २० इंची रिमचा उल्लेख असतो. २४५ मिलिमीटर ही टायरची रुंदी, आणि तिच्या ३० टक्के म्हणजे साधारण ७३ मिलिमीटर ही रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतच्या रबराची उंची. साध्या कॅरेराच्या पुढच्या टायरवर २३५/४० आणि १९ इंच असे असते, म्हणजे तिथे रबर ९४ मिलिमीटर भरते. हे दोन सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या, खोली न दिसणाऱ्या खड्ड्यात चाक आदळते तेव्हा रिमला बाक येणे आणि न येणे यांत तेवढेच अंतर असते. म्हणून ९११ घेताना केवळ दिसायला छान म्हणून कॅरेरा एस या अधिक ताकदीच्या प्रकाराचे २० आणि २१ इंची रिम निवडू नयेत. मग २४५/३५ टायरमुळे रबर ८६ मिलिमीटरवर येते आणि व्यवहार करण्यामागचा अर्धा हेतू तिथेच संपतो. दोन्ही गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर बुजवणारे द्रव्य आणि हवा भरण्याचा छोटा पंप एवढेच असते, हेही ध्यानात ठेवावे.

रुंदीचा फरक ७ सेंटीमीटरचा आहे: आरसे सोडून हुराकान १,९२४ मिलिमीटर, ९११ कॅरेरा १,८५२. दादर-पार्ल्याच्या जुन्या इमारतींत खांबांमध्ये गाडी लावणाऱ्याला याचे महत्त्व सांगावे लागत नाही. उंचीत मात्र फरक मोठा आहे. हुराकान १,१६५ मिलिमीटर तर ९११ सुमारे १,३०० मिलिमीटर उंच आहे, आणि तेवढ्यामुळे घरातील ज्येष्ठांना आत बसणे व बाहेर येणे पुष्कळ सोपे जाते. ९११ च्या मोठ्या काचांतून मागचे आणि बाजूचे बरेच दिसते, तर हुराकानमध्ये इंजिन पाठीमागेच असल्याने मागे घेताना कॅमेऱ्यावर भिस्त ठेवावी लागते.

बसण्याची आणि सामानाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. हुराकानला दोनच आसने आहेत आणि पुढची डिकी १०० लिटरची आहे. ९११ ची पुढची डिकी १३२ लिटरची असून मागे दोन लहान आसने आहेत, ज्यांवर शाळकरी मुले बसू शकतात, मोठी माणसे नाहीत. त्यांच्या पाठी दुमडल्या तर २६४ लिटर जागा आणखी मिळते. दोघांनी चार दिवस गोव्याला किंवा आंबोलीला जायचे असेल तर ९११ मध्ये दोन बॅगा, जॅकेट आणि परतीची काजूची पिशवी असे सारे बसते. हुराकानमध्ये बॅग गाडीच्या मापाची घ्यावी लागते. घरात चार मोठी माणसे असतील आणि ती एकत्र प्रवास करत असतील, तर मात्र ९११ हेही उत्तर नव्हे. तिथे सरळ पोर्शच्याच केयेनसारखी एसयूव्ही पाहावी आणि स्पोर्ट्स कारचा प्रश्न वेगळा ठेवावा.

गर्दीत चालवण्याबाबत एक स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण हुराकानच्या आधीच्या लॅम्बोर्गिनीच्या, म्हणजे गायार्डोच्या, आठवणी अजून लोकांच्या बोलण्यात येतात. गायार्डोमध्ये एकाच क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा ई-गिअर होता आणि रांगेत थोडे थोडे पुढे सरकताना तो क्लच लवकर झिजत असे. हुराकानमध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच आहे आणि तो या कामाला कितीतरी अधिक सरावलेला आहे. ९११ चा आठ गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शचा ड्युअल क्लच, त्याहून मऊ आहे, पण या एका मुद्द्यावरून गाडी बदलण्याचे कारण हुराकानच्या मालकाला उरत नाही. गायार्डोच्या मालकाला ते निश्चित आहे.

पैशांचा हिशेब करताना बहुतेक जण विक्रीची किंमत आणि खरेदीची किंमत एवढेच मांडतात, आणि तिथे चूक होते. हुराकान २०१४ मध्ये ३.४३ कोटी रुपये एक्स-शोरूम किमतीला आली होती. २०२४ मध्ये नव्या रूपातली ९११ कॅरेरा १.९९ कोटींना आली. दोन्ही पूर्णपणे आयात होणाऱ्या गाड्या असल्याने त्यांवर भारी सीमाशुल्क लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा बोजा कमी होऊन ४० टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीची किंमतही तिच्यामागे उतरते, म्हणून त्याआधी ऐकलेला किंवा लिहून ठेवलेला पुनर्विक्रीचा भाव आज तसाच मिळेल असे गृहीत धरू नये.

नवी ९११ घेतल्यास महाराष्ट्रात रस्ताकराचा भार मोठा असतो. २० लाखांपुढील पेट्रोल गाडीवर वैयक्तिक नोंदणीसाठी १३ टक्के एकरकमी कर आहे आणि १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे. हुराकानवर भरलेला कर विक्रीत वेगळा वसूल होत नाही, तो किमतीत विरून जातो. यामुळेच दोन-तीन वर्षे वापरलेली आणि महाराष्ट्रातच नोंदलेली ९११ शोधणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. परराज्यातील नोंदणीची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि इथल्या कराची भर घातली की ती स्वस्ताई बरीचशी विरते. डीलरकडे अदलाबदल केल्यास डीलरला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, आणि त्याचा परिणाम तो देऊ करत असलेल्या भावावर होतो. थेट ग्राहक मिळाला तर हा भाग टळतो, पण मग आरसी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० वेळेत दाखल झाल्याची खात्री मालकालाच करावी लागते. हुराकान १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर तिला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटी बसली आहे की नाही तेही आधीच पाहावे.

चालू खर्चात सर्वांत मोठी तफावत ब्रेकची आहे. एलपी ६१०-४ ला कार्बन-सिरॅमिक डिस्क मुळातच येतात. त्या सामान्य वापरात फार टिकतात, पण बदलायची वेळ आली की बिल लाखांत जाते. साध्या कॅरेराला लोखंडी डिस्क असतात आणि त्यांचा खर्च त्या मानाने अत्यल्प असतो. म्हणून हुराकान विकण्यापूर्वी डिस्कची जाडी मोजून घ्यावी आणि तो कागद जवळ ठेवावा, जाणता ग्राहक तो मागतोच.

विम्याचा तृतीय पक्षाचा हप्ता १५०० सीसीच्या वरच्या सर्व खासगी गाड्यांना सारखाच असल्याने तिथे तुलनेला वाव नाही. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात मात्र आहे. पाच वर्षांनंतर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि झीरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे, संरक्षण बहुधा याच वयाच्या आसपास मिळेनासे होते. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे फुटलेल्या बंपरचे निम्मे पैसे मालकाच्या खिशातून जातात. २०१५-१६ च्या हुराकानला ही परिस्थिती लागू होते, तर २०२३ ची ९११ अजून त्या संरक्षणात बसू शकते. नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो; हुराकान विकताना विमा कंपनीकडून त्याचे राखीव पत्र घेतले तर ५० टक्क्यांपर्यंतची सवलत ९११ च्या विम्यात लावता येते, आणि एवढ्या किमतीच्या गाडीला ही रक्कम लहान नसते. दोन्ही गाड्या बुटक्या असल्याने साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरण्याचा धोका दोघींनाही आहे, तेव्हा इंजिनाचे वेगळे संरक्षण कोणतीही गाडी असो, घ्यावेच.

एवढे सगळे मांडल्यावर माझे मत असे आहे. ज्या घरी रोजच्या वापरासाठी चांगली सेडान किंवा एसयूव्ही आधीच आहे, तिथे हुराकान देऊन ९११ घेण्यात फारसा अर्थ नाही. रोजची कामे तीच दुसरी गाडी करत राहील, ९११ देखील रविवारी सकाळीच बाहेर पडेल, आणि व्ही-१० गेल्याची रुखरुख मात्र कायम राहील. उलट ज्याला हुराकान आणि रोजची गाडी या दोन्ही देऊन त्यांच्या जागी एकच गाडी ठेवायची आहे, जो स्वतः चालवत कामावर जातो, ज्याची मुले अजून लहान आहेत आणि ज्याच्याकडे पार्किंगची एकच जागा आहे, त्याच्यासाठी ९११ इतकी योग्य गाडी मला दुसरी दिसत नाही. तिच्यात वेगाचा आनंद पुरेपूर आहे आणि ती सोमवारीही बाहेर काढता येते.

या दोन्हींच्या मधल्या मालकाने घाई करू नये. डीलरकडून ९११ चाचणीसाठी घेताना शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फेरी मारून समाधान मानू नये. गाडी आपल्या इमारतीच्या रॅम्पवरून खाली नेण्याची, नेहमीच्या जागी लावण्याची आणि मुलांना मागे बसवून पाहण्याची परवानगी आधीच मागावी, आणि ही चाचणी शक्यतो भर पावसात, जुलैमध्ये करावी.