ऑनलाइन समुपदेशन की समोर बसून? आधी घरातलं दार बघा

घरात सासू-सुनेचा अबोला चालू आहे. नवऱ्याशी कुठलाही विषय काढला की भांडण होतं. आजारी वडिलांचं कोणी किती केलं, याचे भावंडांत हिशेब निघालेत. अशा वेळी कोणीतरी म्हणतं, समुपदेशकाशी बोल. मग प्रश्न पडतो की व्हिडिओ कॉलवर बोलायचं की प्रत्यक्ष जायचं. बाबांना पक्षाघात झाला त्या वर्षी मी दोन्ही केलं, आधी तीन महिने व्हिडिओवर आणि नंतर समोर बसून. फी, वेळ, प्रवास यांचा विचार मी आधीच केला होता. घरातल्या दाराचा मात्र केला नव्हता.

आमचं घर दोन खोल्यांचं. पहिल्या कॉलला आई पडद्यापलीकडे भाजी निवडत बसली होती. समुपदेशक मॅडमनी विचारलं, ‘घरी कसं चाललंय?’ मी म्हटलं, ‘ठीक.’ पुढचा पाऊण तास मी ठीकच होते. दुसऱ्या वेळी गच्चीवर गेले, तर वाऱ्यात माझा आवाज पोचेना. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकू गावाला गेल्या होत्या, त्यांच्या घराची किल्ली मागून घेतली आणि तिथे बसून पहिल्यांदा खरं बोलले. इअरफोन लावला की समोरच्याचा आवाज झाकला जातो, आपला नाही. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास, कोणी ऐकत नाही अशी जागा मिळणार नसेल तर व्हिडिओवर पैसे घालवू नका. जागा घरातच हवी असं नाही. उभी केलेली गाडी, ऑफिसातली रिकामी मीटिंग रूम, मैत्रिणीचं घर, काहीही चालतं.

जागेचा प्रश्न सुटला, तर मात्र ऑनलाइनची बाजू फार भक्कम आहे. मानसशास्त्रज्ञ बहुतेक शहरात नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी. तालुक्याच्या गावातून एस.टी.ने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, आणि ‘कुठे चाललीस?’ याचं उत्तर घरी द्यावं लागतं ते वेगळंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्याला तर दोन तासही बाहेर पडता येत नाही. बाबांच्या पहिल्या तीन महिन्यांत व्हिडिओ नसता, तर मी कोणाशीच बोलले नसते.

दुसरा फायदा भाषेचा. बंगळुरू, दुबई किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्याला ‘मानपान’ आणि ‘माहेरपण’ इंग्रजीत समजावून सांगण्यातच अर्धा तास जातो, रडू तर मराठीतच येतं. परदेशातल्यांनी एक लक्षात ठेवावं: भारताची २०२० सालची टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याची, मार्गदर्शक तत्त्वं देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू होत नाहीत. त्यामुळे इथल्या समुपदेशकाशी मराठीत बोललात, तरी औषधं आणि तातडीची मदत तुम्ही राहता तिथल्याच डॉक्टरांकडून घ्यावी लागेल.

नवरा-बायको दोघांनी मिळून जायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. निदान पहिल्या दोन-तीन वेळा प्रत्यक्ष जा. भांडणारी माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, आणि कॉलवर दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज गिळला जातो. ज्याचा गिळला जातो त्याला वाटतं, इथेही माझं कोणी ऐकत नाही. स्क्रीनवर दोन चेहरे दिसतात. कोण खुर्चीच्या कडेला बसलंय, बायको बोलायला लागली की नवऱ्याचा पाय कसा हलायला लागतो, हे दिसत नाही. आमच्या भावंडांच्या बैठकीत मॅडमनी दादाला विचारलं होतं, ‘तुम्ही दाराकडे तोंड करून का बसलात?’ त्या प्रश्नानंतर दादा पहिल्यांदा बाबांबद्दल बोलला. व्हिडिओवर तो प्रश्न कोणाला सुचलाच नसता. नवरा एका शहरात आणि बायको दुसऱ्या शहरात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे व्हिडिओशिवाय इलाज नाही.

चॅटवरचं समुपदेशन, म्हणजे टाइप करून बोलणं, हा मधला रस्ता. त्याला दार लागत नाही, आणि कॉलेजातल्या मुलांना तोंडाने न सांगता येणारं लिहिता येतं. पण ते संथ असतं, आणि फोनमध्ये मागे राहतं. घरात फोन तपासला जात असेल तर चॅट नकोच.

आपला त्रास एवढा मोठा आहे का, असं वाटून अडला असाल तर मोफत फोनपासून सुरुवात करा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा २०१२ पासूनची. पहिल्यांदा मन मोकळं करायला आणि पुढे कुठे जायचं ते कळायला या सेवा चांगल्या. मात्र दर वेळी तीच व्यक्ती फोनवर येईल असं धरून चालू नका. वर्षानुवर्षांचा गुंता सोडवायला एकच माणूस सलग लागतो.

घरात मारहाण, धमक्या, पैसे अडवून ठेवणं असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. जोडप्याचं समुपदेशन तिथे धोक्याचं आहे, कारण बायको तिथे जे बोलेल त्याची भरपाई तिला रात्री घरी करावी लागते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही धरलेला आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष याच कामासाठी आहेत. पहिला कक्ष १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू झाला. महिला हेल्पलाइन १८१, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

पैशांचं थोडक्यात. ऑनलाइन म्हणजे स्वस्त, असं नाही. एकाच समुपदेशकाची दोन्हीकडची फी बरेचदा सारखीच असते, वाचतं ते गाडीभाडं आणि अर्ध्या दिवसाची रजा. काही ॲपवाले एकदम दहा बैठकांचं पॅकेज गळ्यात मारतात. पहिली बैठक झाल्याशिवाय ते घेऊ नका, कारण समुपदेशक बदलावासा वाटणं अगदी साधी गोष्ट आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर स्वतःचा ताण, झोप, चिडचिड यासाठी व्हिडिओ पुरला. भावंडांसाठी प्रत्यक्षच जावं लागलं. आता दोन महिन्यांतून एकदा मी जाते, मधल्या काळात कॉल.

कुठलाही मार्ग घ्या, पहिल्या फोनवर काही गोष्टी विचाराच. शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर औषधांशिवाय उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, तो क्रमांक मागा. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र छोटासा कोर्स करूनही लावलेली दिसते. औषध लिहिणं हे मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे डॉक्टरचं काम. समुपदेशक गोळ्या सुचवायला लागला तर तिथेच थांबा. बैठक रेकॉर्ड होते का, नोंदी कोण वाचतं, हेही विचारा. आणि रडता रडता कॉल तुटला तर पुन्हा फोन कोणी करायचा, हे आधी ठरवून घ्या. माझा एकदा तुटला होता. मॅडमनी मिनिटभरात साध्या फोनवर रिंग दिली, आणि राहिलेलं बोलणं आम्ही तसंच पुरं केलं.