पुण्यातलं एक आयव्हीएफ केंद्र: उपचारांना चार तारे, समुपदेशनाला अडीच

यशाचे आकडे तोंडपाठ, पण बाळाच्या तब्येतीवर जेमतेम पाच मिनिटं. खरा धोका जुळ्यांचा: मुदतपूर्व प्रसूती, कमी वजन, मग एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). इथे पाचव्या दिवसाचा एकच ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढवलेला भ्रूण) गर्भाशयात सोडतात, उरलेले गोठवतात. त्याचे पूर्ण गुण. मात्र गोठवलेल्या भ्रूणाचं बाळ जरा वजनदार निघू शकतं, आईचं बीपी चढू शकतं, हे पत्रकात शोधूनही सापडत नाही. इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडणं, तर सरसकट गळ्यात मारतात! शुक्राणू फारच कमी असतील तर आधी पुरुषाचा कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय-मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असणं) तपासून घ्या. वाय गुणसूत्रातला दोष, मुलगा झाला तर त्याच्याकडे जसाच्या तसा जातो. आयव्हीएफच्या बाळांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण किंचितच जास्त, त्यातही मूळ वंध्यत्वाचा वाटा असतो, हे डॉक्टर न घाबरवता सांगतात. 18 ते 20 आठवड्यांची ॲनॉमली सोनोग्राफी (बाळातली व्यंगं शोधणारी) मात्र पॅकेजमध्ये नाही.