फुफ्फुसाच्या ऑपरेशनसाठी लेबल लावलेल्या डब्यांचा नोड-संच : सांगली-मिरजेच्या हिस्टोपॅथॉलॉजी टेबलावरून

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात काढलेले नोड (लसिका ग्रंथी) तपासणीला पाठवायच्या या संचात फॉर्मालिन (ऊती टिकवणारं द्रावण) भरलेले, स्टेशनचा, म्हणजे नोड ज्या जागेचा त्या जागेचा, आकडा छापलेले छोटे डबे आणि एक टिकमार्कचा कागद, एवढंच असतं. उजव्या बाजूचा संच वेगळा (२आर, ४आर, ७, ८, ९, १०आर, ११आर; आर म्हणजे उजवी), डाव्याचा वेगळा; त्यात ५ आणि ६ येतात. नोड निघाला की सिस्टरने त्याच आकड्याच्या डब्यात टाकायचा. नाही सापडला तर डबा रिकामाच परत पाठवायचा आणि कागदावर तसं लिहायचं. आम्हा पॅथॉलॉजिस्टना (ऊती तपासणाऱ्या डॉक्टरांना) सगळ्यात आवडलं ते हेच. राहिलेलं स्टेशन ऑपरेशन टेबलावरच उघडं पडतं.

‘मेडियास्टायनल नोड’ (दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतले) एवढंच लिहून सगळं एका डब्यात आलं, तर आम्ही काय सांगणार? २०२५ पासूनच्या टीएनएमच्या (कॅन्सरची स्टेज ठरवायची पद्धत; टी म्हणजे गाठ, एन म्हणजे नोड) नवव्या आवृत्तीत एकाच एन२, म्हणजे त्याच बाजूच्या मेडियास्टायनल, स्टेशनात कॅन्सर असेल तर एन२ए, जास्त स्टेशनांत असेल तर एन२बी. मिसळलेल्या डब्यातून हे कळत नाही. नोडच्या संख्येवरही फार भिस्त नको: इथले नोड तुकड्यातुकड्यांनी निघतात, दहा तुकडे म्हणजे दहा नोड नव्हेत. अमेरिकेच्या कमिशन ऑन कॅन्सरचा निकषही स्टेशनांचाच आहे, किमान ३ मेडियास्टायनल आणि १ हायलर (फुफ्फुसाच्या मुळाशी).

संचात त्रुटी दोन. लेबल फक्त झाकणावर आहे. दोन डबे एकाच वेळी उघडले की झाकणं बदलतात. डब्यालाच चिकटवा, पेन्सिलने लिहा, शाई फॉर्मालिनमध्ये फुटते. आणि ७ नंबरचा डबा लहान आहे. सबकरायनल (श्वासनलिका दुभागते त्याखालचा) नोड भला मोठा निघतो, फॉर्मालिन ऊतीच्या दहापट हवं.

पण मुख्य उणीव अशी की १२ ते १४ नंबरच्या नोडसाठी संच काहीच करत नाही. ते लोबच्या (फुफ्फुसाच्या काढलेल्या भागाच्या) आतच येतात आणि सापडतात की नाही ते ग्रॉसिंगवर, म्हणजे आम्ही तो कापून डोळ्यांनी कसा बघतो त्यावर, ठरतं. ब्राँकसमधून (श्वासनलिकेच्या फांदीतून) फॉर्मालिन भरून लोब फुगवा, रात्रभर ठेवा, मग ब्राँकसच्या फांद्यांच्या बाजूने पातळ काप घेत प्रत्येक फाटा बोटांनी चाचपा. फक्त गाठ आणि कडा बघून लोब बाजूला ठेवला, तर टी१ एन० (लहान गाठ, नोडमध्ये कॅन्सर नाही) म्हणजे स्टेज आयए लिहून मोकळं होता येतं. आत एक पॉझिटिव्ह नोड राहिला असेल तर तीच केस टी१ एन१ (फुफ्फुसातल्या नोडमध्ये कॅन्सर), स्टेज टूए, आणि केमोची चर्चा व्हायला हवी होती.

आकारावर जाऊ नका. आपल्याकडे जुन्या टीबीने नोड मोठे आणि कडक होतात, आणि कॅन्सर लहानशा मऊ नोडमध्येही असतो. सगळे २ मिमी कापांत पूर्ण एम्बेड करा (मेणात बसवा), कॅल्शियम असेल तर आधी डीकॅल्सिफाय.

साताऱ्याहून पाठवताना झाकणांना टेप लावा आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ कागदावर लिहा. संचाच्या कागदात ती जागाच ठेवलेली नाही.