सार्वजनिक आरोग्यातली ऑनलाइन डॉक्टरेट: माझे ३ लाख ३१ हजार कसे गेले

मी चौदा वर्षं मेळघाटात कुपोषणाचं काम करते. आधी समाजकार्यातली एमएसडब्ल्यू, मग नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच. अंगणवाडीतल्या मुलांचा दंडघेर मोजायचा, ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर मूल तीव्र कुपोषित म्हणून नोंदवायचं, आणि दर दहाव्या मुलाचं माप स्वतः पुन्हा घेऊन अंगणवाडीताईंचं रजिस्टर ताडून बघायचं. पडताळणीचाच पगार घेणारी बाई कागदावर फसली, याचं कुणालाही हसू येईल. माझ्या नवऱ्याला आलंही. मग रक्कम ऐकल्यावर थांबलं.

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत पुढच्या रांगेत डॉक्टर बसतात. आकडे मी दिलेले असतात, पण प्रश्न ‘डॉक्टरसाहेबां’ना विचारला जातो आणि मला ‘मॅडम, ती शीट जरा पुढे द्या’ एवढंच. हे दुखणं कुणाला सांगण्यासारखं नसतं. मोबाइलवरच्या एका जाहिरातीनं ते नेमकं हेरलं: ‘डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ, नेतृत्व विशेषीकरण. १८ महिने. पूर्ण ऑनलाइन. नावापुढे डॉ. लावा.’ जून २०२३. फॉर्म भरून चहा होईपर्यंत फोन आला.

मुलगी मराठीच, गोड बोलणारी. पहिल्या वाक्यापासून ‘ताई’. तिनं थापा मारल्या असत्या तर मी कदाचित सावध झाले असते, पण तिनं सांगितलेलं निम्मं खरं होतं. ‘डीआरपीएच’, म्हणजे डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ही पदवी खरीच असते. पीएचडी संशोधकांची, तर ही कार्यक्रम चालवणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या लोकांसाठी. अमेरिकेत चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ याच नेतृत्व विषयातली डॉक्टरेट नोकरी करणाऱ्यांना बहुतांश दुरून देतं, जॉन्स हॉपकिन्समध्येही अर्धवेळ सोय आहे. ती पानं तिनंच मला पाठवली. मग म्हणाली, ‘ताई, तेच शिकायचं, आपलं युरोपियन विद्यापीठ आहे म्हणून फी एवढी कमी.’

फी २,८५,००० रुपये. मूळ फी दुप्पट होती म्हणे. निम्मी शिष्यवृत्ती मला माझ्या ‘जमिनीवरच्या कामामुळे’ मिळाली होती आणि ती त्याच रात्री बारा वाजता संपणार होती. मुलाखत अकरा मिनिटांची. चौदा वर्षांच्या अनुभवाचे क्रेडिट धरल्यानं कोर्सवर्क जवळजवळ माफ. २५ हजार नोंदणीचे भरले आणि उरलेल्या २,६०,००० चं कर्ज एका वित्त कंपनीकडून तिनंच फोनवर करून दिलं: ३६ हप्ते, महिन्याला ७,२२२. ‘बिनव्याजी’ या शब्दावर मी खूश होते. कर्ज माझ्या नावावर, पैसे त्यांच्या खात्यात, हा हिशेब डोक्यात शिरलाच नाही. नंतर वाद झाला तेव्हा वित्त कंपनीनं स्पष्ट सांगितलं की तुमचं आणि विद्यापीठाचं काय ते तुम्ही बघा, हप्ता पाच तारखेला. हप्ता चुकवला तर सिबिलवर डाग माझ्या नावाला.

मी काहीच तपासलं नाही असं नाही. संकेतस्थळावर पाच आंतरराष्ट्रीय मान्यता-संस्थांचे शिक्के होते. त्यातल्या एकीवर क्लिक केलं, तिच्या यादीत आमच्या विद्यापीठाचं नाव दिसलं, समाधान झालं. चोर चोर मावसभाऊ ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे. पण दोन्ही संकेतस्थळांची मांडणी, अक्षरं, खालची निळी पट्टीसुद्धा सारखी असल्याचं मला दीड वर्षानं दिसलं. हा प्रकार नवाही नाही. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं बिंग फोडलं, तेव्हा शेकडो बनावट शिक्षणसंस्थांच्या जोडीला त्यांना मान्यता देणाऱ्या बनावट संस्थाही निघाल्या होत्या. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य शाखांना मान्यता देणारी खरी संस्था ‘कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ’. तिची यादी उघडी आहे, दोन मिनिटांचं काम. पत्त्याच्या शेवटच्या ‘डॉट एसी’वरही मी भाळले. ‘एसी’ म्हणजे ॲकॅडमिक, असा माझा समज. आपल्याकडचं ‘डॉट एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांनाच मिळतं, पण नुसतं ‘डॉट एसी’ हे असेन्शन नावाच्या बेटाचं आहे आणि पैसे भरून कुणीही घेऊ शकतं.

पावती तर मी आयकरासाठी फाइलला लावलेली होती. तिच्यावर विद्यापीठाचं नाव नव्हतंच. एका इथल्याच खासगी कंपनीचं नाव, कामाचं वर्णन ‘मार्गदर्शन व सल्ला सेवा’, आणि १८ टक्के जीएसटी. कायद्यानं मान्य असलेल्या पदवीसाठी शिक्षणसंस्था विद्यार्थ्याकडून जी फी घेते तिला जीएसटी माफ असतो. म्हणजे आपण पदवीसाठी नव्हे, सल्ल्यासाठी पैसे घेतले हे त्यांनीच लेखी दिलं होतं.

आता लाज वाटते ती गोष्ट. मार्गदर्शक म्हणून एक परदेशी नाव दिलं होतं. कॅमेरा कधी सुरू नाही, फक्त ईमेल. तिसरं प्रकरण, संशोधन पद्धतीचं, पाठवायचं होतं. रात्री अकराला धारणीहून परत येऊन मी घाईत फाइल जोडली. चाळीस मिनिटांत इंग्रजीत उत्तर आलं, अर्थ असा: ‘पद्धती भक्कम आहे, मांडणी स्पष्ट, चौथ्या प्रकरणाकडे वळा.’ दुसऱ्या दिवशी प्रकरणात एक दुरुस्ती करायला पाठवलेला मेल उघडला, तर जोडलेली फाइल निघाली गावनिहाय वजनांची एक्सेल शीट. ४१२ मुलांची नावं, आईचं नाव, वजन, उंची, दंडघेर, तेही मराठीत. एका स्तंभात मी स्वतःसाठी ‘काटा बिघडलाय, बदलून मागवणे’ असं लिहून ठेवलेलं. पद्धती भक्कम!

त्याच क्षणी मला कळलं. तरी मी पुढचे नऊ महिने गप्प बसले. आठ हप्ते गेले होते, घरी सांगून झालं होतं, कार्यालयात अभिनंदन घेऊन झालं होतं. शिवाय मुलांची नावं मी परक्याला पाठवली होती, ती चूक वेगळीच. मनाला समजावलं की बिचारे व्यस्त असतील, वरवर चाळलं असेल. फसवणारा पहिले सहा महिनेच मेहनत करतो, पुढचं काम आपण स्वतःच करतो.

डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात दीक्षान्त समारंभ झाला. त्याचे वेगळे ३२,००० रुपये. गाउन भाड्याचा, परत करताना काउंटरवर अनामत मिळायची. माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांना ज्योतिषात डॉक्टरेट होती, मागच्या बाईंना ‘सौंदर्यशास्त्रात’. पाहुणे मालिकेतले एक नट. परतवाड्यात भावानं चौकात फ्लेक्स लावला, शाल-श्रीफळ झालं, स्थानिक पेपरात फोटो आला.

‘पदवीची कागदपत्रं परराष्ट्र पातळीवर प्रमाणित’ म्हणून आणखी १४,००० घेऊन अपॉस्टिल करून दिलं. सोनेरी शिक्का, लाल फीत. त्यावरची बारीक अक्षरं मी फेब्रुवारीत वाचली, तीही एका महाविद्यालयात सहायक प्राध्यापक पदाच्या कागदपत्र तपासणीत समोरच्या लिपिकानं बोट ठेवल्यावर. ‘मॅडम, यात पदवी खरी आहे असं कुठंय? नोटरीची सही खरी आहे एवढंच लिहिलंय.’ मग त्यानं शांतपणे विचारलं, ‘एआययूचं समकक्षता पत्र?’ म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं भारतीय विद्यापीठांच्या संघटनेचं पत्र. मी म्हटलं, ऑनलाइन केलीय. त्यानं पेनाचं टोपण लावलं. ‘ऑनलाइन पीएचडी चालतच नाही मॅडम. यूजीसीनं केव्हाच कळवलंय.’

खरंच कळवलेलं होतं. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, आणि तंत्रशिक्षणाची परिषद एआयसीटीई यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त सूचना काढली होती की परदेशी संस्थांच्या सहकार्यानं एडटेक कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएचडीच्या जाहिरातींना भुलू नका, त्या मान्य नाहीत. मी पैसे भरायच्या आठ महिने आधी. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पीएचडी नियमावलीत किमान तीन वर्षं, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आणि मौखिक परीक्षा हे सगळं आहे, आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला मनाईही आहे. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. त्याच नियमावलीत नोकरदारांसाठी अर्धवेळ पीएचडीची सोय आहे, कार्यालयाचं ना हरकत पत्र लागतं एवढंच. प्रवेश परीक्षेचा अभ्यास टाळायला मी हा आडमार्ग धरला होता.

सायबर पोलीस ठाण्यात अर्ज दिला. अधिकारी सभ्य होते, पण म्हणाले, ‘ताई, त्यांनी पदवी देतो म्हटलं, दिली. फसवणूक कुठे दाखवायची?’ कराराच्या चौदाव्या कलमात लिहिलेलं होतं की स्थानिक मान्यतेची खातरजमा विद्यार्थ्यानं करायची, आणि खाली माझी डिजिटल सही. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि ‘यूजीसी मान्य आहे ना?’ या माझ्या प्रश्नाला तिनं पाठवलेलं ‘१०० टक्के ताई’ हे व्हॉट्सॲप उत्तर होतं म्हणून अर्ज निदान चौकशीला तरी गेला. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करायला मी फारच उशीर केला होता. पैसे नुकतेच गेले असतील तरच तिथून खातं गोठवण्याची आशा असते.

यूजीसी कायदा १९५६ चा. अधिकार नसताना पदवी देणाऱ्याला त्यात शिक्षा आहे: एक हजार रुपयांपर्यंत दंड. माझ्या गाउनची अनामत दोन हजार होती.

आता कार्यालयात मी स्वतःच सगळ्यांना सांगितलंय. टेबलावरची पाटी काढली. पहिले आठ दिवस जड गेले. मग आमच्याच दुसऱ्या तालुक्यातल्या एका सहकाऱ्यानं दार लोटून विचारलं, ‘ताई, विद्यापीठाचं नाव काय होतं तुमच्या?’ नाव सांगितलं. तो खुर्चीत बसला. त्याचे चार हप्ते झाले होते. आम्ही त्याच दुपारी त्याचं सगळं चॅट एक्सपोर्ट करून घेतलं, कारण तक्रारीचा वास लागताच तिकडून संदेश पुसले जातात, माझे निम्मे तसेच गेले. मग वित्त कंपनीला त्याच्या नावानं लेखी हरकत पाठवली आणि माझ्या अर्जाला त्याचाही अर्ज जोडला. माझे अजून काही हप्ते बाकी आहेत. भावानं फ्लेक्स काढून सोयाबीनच्या गंजीवर टाकलाय, छापील बाजू आत करून.