डायलिसिस सेंटरचा रिव्ह्यू, खास करून घरी सत्तरीच्या पुढचा पेशंट असेल त्यांच्यासाठी

नाशिकच्या ज्या सेंटरला आमच्या सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे त्याबद्दल लिहितेय, ५ पैकी साडेतीन स्टार. एसी आहे, टीव्ही आहे, टॉयलेट स्वच्छ आहे, ते सोडा. म्हाताऱ्या पेशंटचं बघायचं ते वेगळंच असतं, चार तासांनी खुर्चीतून उठून माणूस आपल्या पायांनी रिक्षापर्यंत जातो का आणि घरी पोचेपर्यंत त्याचं डोकं ठिकाणावर असतं का.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, खचाखच भरलेल्या गाडीत सगळा हिशोब तोंडी. किडनी उतरत गेली तसं आधी हेच गेलं. नावं, चेहरे, जुने डेपो मॅनेजर सगळं लख्ख आठवतं पण गोळ्यांचा डबा भरायला बसले की सकाळची कुठली जेवणानंतरची कुठली यात घोळ, आणि भाजीवाल्याने सुट्टे परत दिले की हातात धरून नुसते बघत बसायचे. घरात सगळे म्हणायचे वय झालं. इथल्या नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीच्या डॉक्टर) मॅडमनी (यांना एकट्यांना ५ स्टार) शांतपणे समजावलं की किडनीच्या आजारात बऱ्याचदा आठवणीच्या आधी लक्ष, विचारांचा वेग आणि प्लॅनिंग मार खातं. बीपी आणि शुगरने किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात तशाच मेंदूतल्याही होतात, त्यात किडनी इरिथ्रोपोएटिन (रक्त तयार करायला लावणारं हार्मोन) कमी बनवते म्हणून हिमोग्लोबिन उतरतं, की माणूस अजूनच मंद.

मॅडमनी पहिल्याच दिवशी गोळ्यांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली. पायाची आग होते म्हणून दुसरीकडून चालू केलेली गॅबापेंटिन त्यात होती. ही गोळी किडनीवाटेच बाहेर पडते, किडनी बंद पडत आली की साचत जाते आणि झोप, गोंधळ, तोल जाणं सुरू. डोस एकदम खाली आणला आणि आठवड्याभरात अण्णा दुपारी पेपर वाचायला लागले, त्याआधी पेपर मांडीवर आणि मान खाली. गुडघेदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून परस्पर घ्यायच्या गोळ्या तर कायमच्या बंद. आणि ते लो सोडियम मीठ हेल्दी म्हणून आणलेलं, तेही घरातून बाहेर, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी बंद असली की ते अंगात साचतं.

टेक्निशियन पोरं चांगली आहेत हे मुद्दाम सांगते. एकदा तिसऱ्या तासाला अण्णा मधेच डोळे उघडून विचारतात, "येवला आलं का रे?" शेजारच्या बेडवरचे हसले, पण तो पोरगा हसला नाही, आधी बीपी लावला, खाली गेलेलाच होता, लगेच मशीनने अंगातलं जादा पाणी काढायचं थांबवलं, पाय वर केले, सलाईन दिलं. "आजोबा, येवला लांब आहे अजून, पडून राहा." नंतर मॅडमनी सांगितलं की डायलिसिस चालू असताना मेंदूकडचा रक्तपुरवठा कमी होतो, बीपी सारखा पडत राहिला तर ते मेंदूला बरं नाही. तेव्हापासून मशीनचं टेंपरेचर अर्धा डिग्री कमी ठेवतात, थंडी वाजते म्हणून घरून शाल नेतो, आणि दोन डायलिसिसच्या मधे पाणी जास्त प्यायचं नाही म्हणजे एका वेळी भसाभसा काढावं लागत नाही. पायात गोळे येणंही बरंच कमी झालंय.

आता दीड स्टार का कापला ते. ऑफिसवाले कन्सेंटचे (संमतीचे) कागद, बिलं, योजनेचे फॉर्म पेशंट मशीनवर असतानाच घेऊन येतात, कारण म्हणे तेव्हा तो जागेवर असतो! अहो, माणसाचं डोकं सगळ्यात कमी चालतं ते नेमकं तेव्हाच, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा की. अण्णांनी एकदा न वाचता तीन कागदांवर सह्या केल्या, एक तर दुसऱ्याच पेशंटचा होता. डाएटिशियनही तेव्हाच येऊन भडाभडा सगळं सांगून जाते, घरी येऊन विचारलं तर अण्णांना फक्त "शहाळं नको" एवढंच आठवतं. शिवाय तिने दिलेली डाएटची झेरॉक्स अजून डायलिसिस चालू न झालेल्या पेशंटची निघाली, डाळ कमी, अंडं बंद वगैरे. डायलिसिसवर प्रोटीन उलट जास्त लागतं, मॅडमनी अंड्याचा पांढरा भाग चालू करायला लावला नाहीतर मांड्या आधीच काडीसारख्या झाल्या होत्या, किडनी गेली की रक्तात ॲसिड वाढतं, भूक मरते, त्याने स्नायू झिजतातच.

फिजिओचं तर नाव फक्त बोर्डावर. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला किती वेळ लागतो ही साधी टेस्ट, सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ पुरतं, पण मागे लागल्याशिवाय कोणी केली नाही. पडून पडून पॅडल मारायची छोटी सायकल आहे खरी, पहिल्या दोन तासांत मारली तर पायांना फायदा होतो, पण ती कोपऱ्यात, वर चादरींचा ढीग. आम्ही ती मागून घेतो, तुम्हीही मागा, देतात.

शेवटची शिफ्ट म्हाताऱ्यांसाठी घेऊ नका, रात्री अंधारात पायऱ्या उतरायच्या आणि अंगात त्राण नसतं, रॅम्प मागच्या गेटला आहे पण ते आठला बंद होतं. महात्मा फुले योजनेत इथे डायलिसिस होतं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. सकाळच्या शिफ्टला वेटिंग आहे, नाव आधीच देऊन ठेवा आणि कागदांवर सही घरच्या माणसासमोरच घ्या असं रिसेप्शनला लेखी द्या, आम्ही दिलंय, आता फोन करतात.